बाळंतपणानंतर आलेला झटका

वार पडली की बीपी उतरतं, असं घरातल्या बायका सांगतात आणि डॉक्टरही. ते खोटं नाही, पण लगेच उतरत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमाराला ते बरेचदा आणखी चढतं. मला झटका आला, म्हणजे वाढलेल्या बीपीमुळे येणारी फिट (एक्लॅम्पसिया), तो याच दिवसांत.

दिवस भरत आले तेव्हा बीपी 146/94 निघालं, लघवीत प्रथिनं सापडली. 37 आठवडे होताच कळा आणण्याचं औषध देऊन प्रसूती केली. मुलगी झाली. गोळ्या घेऊन मी धायरीला माहेरी आले.

मग डोकं दुखायला लागलं, गोळीनंही न थांबणारं. आजी म्हणाली, ‘‘कान उघडे ठेवलेस, वारं लागलं.’’ आईनं कानाला फडकं बांधलं, शेक दिला. प्रसूती झाली तिथे फोन केला, तर ‘जागरणानं दुखतं’ असं उत्तर आलं. संध्याकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली. वहिनीनं बीपीचं मशीन लावलं. वरचा आकडा 170 च्या पुढे. ती फोन उचलते तोवर मला झटका आला.

मला तो आठवत नाही. आजी कांदा फोडायला धावली, दादा दातांत चमचा घालायला निघाला. वहिनीनं दोघांना थांबवलं, मला डाव्या कुशीवर वळवलं, लाळ बाहेर वाहू दिली आणि 108 ला सांगितलं, ‘‘ओली बाळंतीण आहे, झटका आलाय, बीपी 170 च्या वर आहे.’’ ‘बाळंतीण’ हे आधी सांगणं फार महत्त्वाचं. पोट रिकामं दिसलं की नुसती फिट समजली जाण्याची भीती असते.

सरकारी रुग्णालयात पोचल्यावर मॅग्नेशियम सल्फेट सुरू झालं. आधी 4 ग्रॅम शिरेतून, सावकाश. अर्धवट शुद्धीतही अंगभर आग पसरत गेलेली मला आठवते. मग दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, आणि पुढे दर चार तासांनी आलटून पालटून एका बाजूला 5. ही इंजेक्शनं भयंकर दुखतात. सिस्टर म्हणायच्या, ‘‘दुखू दे ताई, परत झटका नको.’’ बीपीसाठी लॅबेटॅलॉल वेगळं, कारण मॅग्नेशियम झटका रोखतं, बीपी नाही. 160/110 च्या वर राहिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ते लवकर खाली आणायचं, पण एकदम पाडायचं नाही.

दर डोसाआधी सिस्टर गुडघ्यावर हातोडी ठोकायच्या, श्वास मोजायच्या, पिशवीतली लघवी बघायच्या. मॅग्नेशियम लघवीवाटे जातं. लघवी कमी झाली तर ते अंगात साठतं, आधी गुडघ्याची उडी बंद होते, मग श्वास मंदावतो. उताऱ्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी ट्रेमध्ये तयार होती. पाय उडाला की आई हात जोडायची. शेवटच्या झटक्यानंतर 24 तास हे चाललं. डायझेपाम आणि फेनिटॉइन या झटक्यांवरच्या दुसऱ्या औषधांपेक्षा मॅग्नेशियमनं झटके परत येणं कमी होतं, हे 1995 मध्ये अनेक देशांतल्या मोठ्या चाचणीत दिसलं. त्यात भारतातल्या बायकाही होत्या. इतकं जुनं, इतकं स्वस्त औषध, आणि त्यामुळे मी आज लेकीला घेऊन बसले आहे.

मुलीला त्याच वॉर्डात पाजायला आणत होते, या औषधांत दूध तोडावं लागत नाही.

घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ बीपी वहीत लिहिलं. गोळ्या डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या. हे परत होण्याचा धोका कमी व्हावा म्हणून पुढच्या गरोदरपणात 12 आठवड्यांनंतर, 16 च्या आत, कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करायची आहे. बीपी आता दरवर्षी तपासायचंच, कारण पुढे हृदयाचा धोकाही वाढतो.

आपण सव्वा महिना बाळंतिणीला जपतो. साधारण तितकेच दिवस हा झटका येऊ शकतो. डोकं दुखायचं थांबत नसेल, दिसायला अंधूक होत असेल, बरगडीखाली दुखत असेल तर शेक देत बसू नका, आधी बीपी बघा. 160/110 दिसलं तर फोनवर विचारत न बसता थेट मोठं रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.