बँकॉकला उतरल्यावर बाहेर कोण उभं असेल ते घरूनच ठरवायचं

काल आत्याचा फोन आला. ती आणि मामा पुढच्या महिन्यात बँकॉकला चाललेत, दोघंच, दोघंही सत्तरीच्या आसपास. म्हणाली, "दादाच्या नावाची पाटी घेऊन माणूस उभा होता ना तुमच्या वेळी, तसली गाडी कशी सांगायची गं?" दादा म्हणजे माझे बाबा, आणि तसली गाडी म्हणजे एअरपोर्टवर घ्यायला येणारी, घरूनच बुक केलेली खाजगी गाडी. फोनवर अर्धा तास बोलले तरी निम्मं राहिलंच, म्हणून आता सगळं सविस्तर लिहूनच काढते, आत्यालाही होईल आणि आई-बाबांना घेऊन पहिल्यांदा बाहेर जाणाऱ्या बाकीच्यांनाही.

त्या बँकॉकच्या ट्रिपला आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, सात वर्षांची लेक आणि माझे आई-बाबा. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा आठ महिने झाले होते, काठी होती हातात. आम्ही नाशिकचे, त्यामुळे मुंबई एअरपोर्टला जायचं म्हटलं की आमचे नेहमीचे ड्रायव्हरकाका ठरलेले. त्यांना फक्त "अमुक तारखेची रात्रीची फ्लाइट आहे" एवढं सांगायचं, पुढचं सगळं ते बघतात. कसारा घाटात ट्रकची रांग असली तर किती आधी निघायचं, बाबांना पुढची सीट लागते, आईला गाडी लागते म्हणून मध्ये एकदा चहाला थांबायचं, किती बॅगा म्हणजे कुठली गाडी आणायची, यातलं एक अक्षर सांगावं लागत नाही. मी बँकॉकची गाडी बुक करायला बसले तेव्हा मला हेच कळलं की काकांना जे न सांगता माहीत असतं ते सगळं तिथे आपण ऑनलाइन बुकिंगच्या फॉर्ममध्ये लिहायचं असतं, आणि जे लिहायचं राहिलं ते समोरच्याला माहीत नसतं, बस.

आधी हे सांगते की खाजगी गाडी लागतेच असं नाही. बँकॉकचा मोठा एअरपोर्ट म्हणजे सुवर्णभूमी, शहराच्या पूर्वेला साधारण ३० किलोमीटरवर, २००६ साली सुरू झालेला. तिथून एअरपोर्ट रेल लिंक आहे, तळघरातून सुटते आणि अर्ध्या तासात शहरातल्या फया थाई स्टेशनला सोडते, पूर्ण तिकीट ४५ बाट (बाट म्हणजे तिथलं चलन). ट्रॅफिकचा संबंधच नाही. तरुण मंडळी असतील आणि पाठीवर एकेक सॅक असेल तर मी डोळे मिटून ट्रेनच सांगेन. मीटर टॅक्सीही चांगली व्यवस्थित आहे, पहिल्या मजल्यावर मशीनमधून चिठ्ठी घ्यायची, त्यावर जो नंबर येईल तिथे गाडी उभी असते, मीटरचे होतील ते अधिक ५० बाट एअरपोर्टचे अधिक टोल. ती चिठ्ठी मात्र उतरेपर्यंत जपून ठेवा, काही तक्रार करायची झाली तर तोच पुरावा.

पण फया थाईला उतरून पाच मोठ्या बॅगा आणि बाबांची काठी घेऊन दुसरी ट्रेन बदलायची? नाही. टॅक्सीत आम्ही पाच जण आणि बॅगा मावणार नाहीत हे उघडच होतं, शिवाय तिकडच्याही बऱ्याच टॅक्सींच्या डिकीत आपल्या मुंबईसारखी गॅसची टाकी असते, त्यामुळे डिकी दिसते मोठी पण बसते एकच बॅग. दोन टॅक्सी करायच्या तर आई-बाबांना एका गाडीत एकटं बसवायचं, ड्रायव्हरला इंग्रजी येत नाही आणि यांना थाई येत नाही. ते माझ्या मनाला पटेना.

म्हणून व्हॅन बघितली. १३०० बाट, तेव्हाच्या भावाने साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. बाबा म्हणाले एवढ्या पैशात नाशिक-मुंबई होतं. त्यांचं बरोबर आहे हिशोबाने, पण मी ऐकलं नाही.

आता तारखेचं नीट वाचा कारण माझी चूक इथेच झाली. आमची फ्लाइट मुंबईहून रात्री पावणेबाराची, १४ तारखेची. मी फॉर्ममध्ये १४ तारीख टाकली आणि पैसे भरून मोकळी झाले. सव्वाचार तासांची फ्लाइट आणि थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे आम्ही उतरणार १५ तारखेला पहाटे साडेपाचला. गाडी मी एक दिवस आधीच बोलावून बसले होते. चार दिवस आधी सगळे कागद एका फाइलमध्ये लावताना नवऱ्याच्या लक्षात आलं, माझ्या पोटात गोळाच आला. नशीब की २४ तास आधीपर्यंत बदल फुकट होता. भारतातून तिकडे जाणाऱ्या बऱ्याच फ्लाइट रात्रीच्याच असतात, तेव्हा गाडीची तारीख म्हणजे विमानात बसायची तारीख नाही, उतरायची तारीख, आणि वेळ तिथली.

फ्लाइट नंबर ही दुसरी अशी जागा जिथे लोक काहीतरी टाकून पुढे जातात. तो नंबर बघूनच तिकडचा माणूस ठरवतो की विमान लेट आहे की वेळेवर. मध्ये कुठे बदलून जात असाल तर शेवटच्या विमानाचा नंबर द्यायचा, मुंबईहून निघालेल्याचा नाही. आमचं विमान ५० मिनिटं लेट झालं आणि मला मेसेज उतरल्या उतरल्या मिळाला की ड्रायव्हरला माहीत आहे, घाई करू नका. फुकट वाट बघायचा वेळ किती ते पण वाचा, कुणाचा ६० मिनिटं, कुणाचा ९०, आणि तो विमान खरोखर टेकल्यापासून मोजतात की तिकिटावर छापलेल्या वेळेपासून हे जास्त महत्त्वाचं. सुवर्णभूमीला आता मुख्य इमारतीपासून लांब एक वेगळी इमारत पण आहे, २०२३ मध्ये सुरू झालेली, तुमचं विमान तिथे लागलं तर जमिनीखालच्या छोट्या ट्रेनने मुख्य इमारतीत यायचं, मग इमिग्रेशन म्हणजे पासपोर्ट तपासणी, मग बॅगा. व्हीलचेअर सांगितली असेल तर कधी पटकन होतं आणि कधी व्हीलचेअरवाला यायची वाट बघावी लागते. आम्हाला बाहेर यायला सव्वा तास लागला. (थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड मे २०२५ पासून सक्तीचं आहे, उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, सरकारी साइटवर फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर ती साइट बंद करा.)

गाडीत किती माणसं बसतात हे लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, बॅगा किती ते बघा. "४ प्रवासी" म्हणजे चार माणसं आणि मांडीवर पर्स. आम्ही पाच माणसं, पाच मोठ्या बॅगा, एक फोल्डिंग वॉकर असं सगळं लिहिलं, आणि खाली रिकामा चौकोन असतो ना सूचनांसाठी, तिथे लिहिलं की एक ज्येष्ठ नागरिक आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उंच पायरी चढता येत नाही. मला वाटलं कोण वाचतंय. तर ड्रायव्हरने प्लास्टिकचा छोटा स्टूल आणला होता! व्हॅनच्या दारापाशी ठेवला, बाबांचा हात धरला, बाबा चढले की स्टूल उचलून आत. मला तेव्हा खरंच भरून आलं.

पाटीवर मी मुद्दाम बाबांचं नाव घातलं होतं. दुसऱ्या मजल्यावर बाहेर आलो की समोर पाट्यांची नुसती गर्दी असते, पाट्या, टॅब्लेट, हॉटेलचे बोर्ड. तुमच्या गाडीच्या बुकिंगच्या व्हाउचरवर गेट नंबर लिहिलेला असतो, तिथेच जायचं, मधेच कुणी "टॅक्सी टॅक्सी" करत आला तरी थांबायचं नाही. आम्ही शोधतोय तोवर लेक ओरडली, "आजोबा, तुमचं नाव!" स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं होतं पण बाबा थांबले, काठी आईकडे दिली आणि मोबाइल काढून पाटीचा फोटो घेतला. साडेतीन हजारांबद्दल त्यानंतर एक शब्द नाही.

आईचं वेगळंच. ड्रायव्हर काहीतरी "सुवन्नफूम, सुवन्नफूम" म्हणत होता, तिने मला विचारलं काय म्हणतोय, मी म्हटलं अगं सुवर्णभूमी, एअरपोर्टचं नाव, ते असं उच्चारतात. मग ती रस्ताभर पाट्यांवरची नावं वाचून त्यात आपले शब्द शोधत बसली. दीड तास लागला हॉटेलला पोचायला, कारण आम्ही बाहेर पडलो साडेसातच्या पुढे आणि तेव्हा सगळं बँकॉक ऑफिसला निघालेलं असतं. टोल किमतीत धरलेला होता, हे पण आधी विचारा, नाहीतर रस्त्यात सुट्टे बाट काढत बसायचं.

हॉटेलचा पत्ता थाई लिपीत मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, हॉटेलला मेल केली की ते पाठवतात. सुखुमवित रोडवर राहणार असाल तर गल्ल्यांना तिथे सोई म्हणतात, एका बाजूला विषम नंबर आणि दुसऱ्या बाजूला सम, पण समोरासमोरचे नंबर जुळत नाहीत. ५५ नंबरच्या सोईसमोर ३८ नंबरची सोई आहे. मध्ये एवढा मोठा रस्ता, वर मेट्रोचा पूल. चुकीच्या बाजूला उतरवलं तर बॅगा घेऊन जिने चढा-उतरायचे, आणि आपल्यासोबत वयस्कर माणूस असेल तर ते होत नाही. म्हणून हॉटेलचं नाव आणि सोईचा नंबर, दोन्ही द्या.

सगळं छानच झालं असं नाही, तेही सांगते. चार दिवसांनी आम्हाला फुकेतला जायचं होतं आणि ती फ्लाइट डॉन मुआंगहून होती. बँकॉकला एअरपोर्ट दोन आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा. डॉन मुआंग जुना, शहराच्या उत्तरेला, १९१४ पासूनचा, आणि स्वस्तातल्या विमान कंपन्या बहुतेक तिथून उडतात. बुकिंग करताना दोन्ही नावं एकाखाली एक येतात, बोट घसरलं की संपलं. तिकिटावरचा तीन अक्षरांचा कोड बघा, सुवर्णभूमी म्हणजे बीकेके आणि डॉन मुआंग म्हणजे डीएमके. मी एअरपोर्ट बरोबर निवडला, पण ३०० बाट वाचतात म्हणून गाडीची कंपनी बदलली. व्हॅन सांगितली होती, आली छोटी कार. ड्रायव्हर बिचारा मोबाइल दाखवतोय की मला हेच काम आलंय, त्याची काही चूक नव्हती. कंपनीचा फोन लागेना. शुक्रवारची संध्याकाळ, बँकॉकचा शुक्रवार, समोर गाड्यांची रांग हलत नाही, बाबा हॉटेलच्या पायरीवर बसलेले आणि विमानाला तीन तास. शेवटी रिसेप्शनवरच्या मुलीने दुसरी गाडी मागवून दिली, नवरा आणि बॅगा एका गाडीत, आम्ही चौघं दुसऱ्या. पोचलो वेळेत पण आईचा चेहरा पांढरा पडला होता. त्या गाडीचे पैसे वेगळे गेले, आणि कंपनीने नंतर निम्मे परत केले, तेही मी सहा मेल केल्यावर.

त्या दिवशी माझं चुकलं ते हे की मी आदल्या दिवशी खात्री केली नाही. पहिल्या वेळी केली होती. आदल्या संध्याकाळी मेसेज करायचा, गाडी कुठली, ड्रायव्हरचा नंबर काय, गाडीचा फोटो पाठवा. नंबर प्लेटवर थाई अक्षरं असतात, ती आपल्याला वाचता येत नाहीत, म्हणून फोटोच हवा. उत्तर आलं नाही तर रात्रीच दुसरी सोय करायला वेळ मिळतो. आणि शुक्रवारी संध्याकाळी गुगल जी वेळ दाखवेल त्यात माझ्या मते तासभर मिळवाच.

परतीला सुवर्णभूमीहून निघालो तेव्हा पहिल्याच कंपनीची व्हॅन सांगितली, तोच ड्रायव्हर नव्हता पण स्टूल होता. आत इमिग्रेशनच्या पलीकडे समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, वासुकी, एका बाजूला देव, एका बाजूला दानव, मध्ये मंदार पर्वतावर विष्णू. आई-बाबा तिथे वीस मिनिटं उभे होते, आणि आजी नातीला सगळी गोष्ट सांगत होती, चौदा रत्नं वगैरे. गाडीची धावपळ नव्हती म्हणून तेवढा वेळ हातात होता. आत्या, तू पण निवांत बघ ते.

आणि तुझं तिकीट आत्ता बघितलं मी. तुझीही फ्लाइट रात्री पावणेबाराचीच आहे, म्हणजे गाडी दुसऱ्या दिवशीच्या तारखेला सांगायची. मामांना कमी ऐकू येतं हे त्या चौकोनात मी लिहिते, म्हणजे ड्रायव्हर हाक मारायच्या ऐवजी पुढे येऊन पाटी दाखवेल. पाटीवर नाव तुझं घालू की मामांचं, तेवढं फक्त कळव.