झाड हलवायचं, पण कधी?

"पावसाळा लागला की हलव" हे उत्तर आपल्याकडे कुठल्याही झाडाबद्दल मिळतं, शेजारच्या काकूंना विचारा नाहीतर नर्सरीवाल्याला. आणि ते चूक नाहीये म्हणा. झाड उपटलं की त्याची केसासारखी बारीक मुळं तुटतात, पाणी ओढणारी खरी तीच, आणि वरची पानं मात्र उन्हात पाणी उडवतच राहतात, म्हणून झाड मान टाकतं. मृगात आभाळ भरलेलं, हवा ओली, त्यामुळे नवी मुळं फुटेपर्यंत निभावून जातं. जुलैच्या मुसळधार पावसात मात्र आळ्यात पाणी साचून मुळंच कुजतात, ते कोणी सांगत नाही.

पण सगळ्यांना एकच मुहूर्त कसा चालेल? मोगरा उन्हाळाभर फुलून जूनमध्ये जरा मोकळा होतो, त्याला तेव्हा हलवलेलं चालतं. सोनटक्का बरोब्बर उलटा, ऐन पावसात फुलणारा, त्याचे गड्डे पाऊस यायच्या आधीच मे महिन्यात काढून लावलेले बरे. निशिगंधाचंही तसंच, दोन-तीन वर्षांत कंदांची गर्दी होते, फुलं रोडावतात, मग एप्रिल-मेमध्ये कंद सुटे करून लावायचे. शेवंतीचं तर वेगळंच, थंडीतला बहर संपला की बुडाशी फुटवे येतात, जुन्या फांद्या कापायच्या, फुटवे वेगळे करायचे आणि उन्हाळाभर अर्धवट सावलीत जपायचे, कारण दिवस लहान व्हायला लागले की ती कळ्या धरणार, तोवर अंगानं भरायला नको का तिला?

थोडक्यात काय तर फुलून झालं की हलवा, कॅलेंडर नंतर बघा. आता प्रॉब्लेम जास्वंदीचा. बहर संपणं हा प्रकारच नाही तिच्याकडे, बारा महिने कळी हजर, आणि समोर नवा टॉवर झाल्यापासून आमच्या कोपऱ्यात ऊन येत नाही त्यामुळे हलवणं तर भाग आहे. सासूबाईंचं म्हणणं, गणपती होऊ देत. मग नवरात्र होऊ देत. मग काय, देवाला रोज फूल लागतंच. म्हणून यंदा मी जूनमध्येच संध्याकाळी, त्या देवळात गेल्या होत्या तेव्हा, कळ्यांसकट फांद्या छाटल्या, मुळांभोवतीच्या मातीसकट झाड उचललं आणि पलीकडे लावून टाकलं. दोन फांद्या कुंडीत खोचल्यात, बॅकअप म्हणून.