लेकीने ओळखलं

शुक्रवार, १५ नोव्हेंबर २०२४

काल लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये बॉब डिलन या अमेरिकन गायकाने ‘इट्स ऑल ओव्हर नाऊ, बेबी ब्लू’ म्हटलं आणि मला ते ओळखताच आलं नाही. पहिलं कडवं गेलं, दुसरं सुरू झालं. मी आपली ‘नवीन अल्बममधलं दिसतंय’ असं मनाशी धरून मान हलवत बसले होते. मग लेक कानाशी येऊन म्हणाली, “आई, बेबी ब्लू.” चष्मा डोक्यावर आहे हे सांगते ना, त्याच सुरात.

आज दिवसभर तेच. कामात लक्ष नाही.

मला ओळखू येऊ नये? दादाच्या कॅसेटवर हे गाणं इतकं घासलं गेलं होतं की मागच्या बाजूचं गाणं उलटं, बारीक, खालून ऐकू यायचं. सीडी त्याच्या कुठल्याशा मित्राची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आली होती, १९६६ च्या कार्यक्रमाची. रात्री जागून टेप करून घेतली आणि वर निळ्या शाईने लिहिलं ‘अल्बर्ट हॉल’. ते रेकॉर्डिंग अल्बर्ट हॉलचं नाहीच, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलचं आहे. आधी कितीतरी वर्षं ते चोरून विकलं जायचं, तेव्हापासून चुकीचं नाव चिकटलं, आणि कंपनीने अधिकृत काढतानाही अवतरणचिन्हात तेच ठेवलं. दादाला हे माहीत होतं. तरी लिहिलं अल्बर्ट हॉलच. “मँचेस्टरला कोण जाणारे,” म्हणाला होता. अल्बर्ट हॉलला तरी कोण जाणार होतं म्हणा.

तर मी गेले. लेकीने तिकिटं काढली. दौऱ्याच्या पोस्टरवर २०२१ ते २०२४ असं छापलेलं, त्यामुळे आत सगळेच जण शेवटचं दर्शन घ्यायला आल्यासारखे. शिवाय दारातच फोन पिशवीत घालून पिशवीला कुलूप लावतात. पिशवी आपल्याकडेच, पण उघडत नाही. एवढे लोक आणि एकाच्याही हातात उजेड नाही, हे मी किती वर्षांनी पाहिलं. सुरुवातीला हात सारखा पर्सकडे जात होता, मग थांबला.

डिलन ८३ वर्षांचा. पियानोच्या मागे बसलेला, वरून नुसते केस दिसतात. प्रेक्षकांशी बोलणं जवळजवळ नाहीच. ड्रम्सवर जिम केल्टनर, रविशंकर आणि बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने १९७१ मध्ये बांगलादेशसाठी जो कार्यक्रम केला त्यात होता तोच. तोही आता ऐंशी ओलांडलेला. ‘डेसोलेशन रो’ मी लगेच ओळखलं, शब्दांवरून. तेही त्या कॅसेटवर होतं. म्हणून जरा ऐटीतच बसले होते, आणि थोड्या वेळाने हे.

कसं म्हटलं सांगू? पियानोवर, संथ. ओळ सुरू व्हावी तिथे गप्प, आणि आपण नाद सोडला की मागून घाईने शब्द टाकायचे. चाल म्हणून जी मला पाठ आहे तिचा मागमूस नाही. मला राग आला. खरंच आला. वाटलं, अरे, एवढं एक गाणं होतं माझं. तुझ्याकडे शेकड्यांनी आहेत, हे तरी होतं तसं ठेवायचंस. एवढ्या लांब येऊन, एवढे पैसे घालून, एवढ्या वर्षांनी... आणि डोळ्यांत पाणी. लेकीला वाटलं गाण्यामुळे. मी वाटू दिलं.

घरी येताना ट्यूबमध्ये स्वतःला समजावत होते. रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवाला शाल गुंडाळून पहाटेपर्यंत बसायचो तेव्हा काय अपेक्षा असायची? भीमसेनजींनी गेल्या वर्षीसारखंच गावं अशी? तसं कुणी म्हटलं असतं तर शेजारच्या काकांनी हाकलून दिलं असतं. राग तोच, बंदिश तीच, आणि तरी आज काय होतंय ते ऐकायलाच जायचं. मग इथेच माझा जीव का जातो? बरं, तिथे निदान मुखडा हाती असतो, सम आली की मांडवभर माना एकदम हलतात. डिलनबुवा समेचा पत्ताच लागू देत नाहीत. नाही, हेही पटत नाही. लेकीला लागला की पत्ता.

आणि मग ते आठवलं ज्यामुळे झोप लागली नाही.

त्या मँचेस्टरच्या कार्यक्रमात पहिला अर्धा भाग तो एकटाच, गिटार आणि माउथ ऑर्गन. ‘बेबी ब्लू’ त्यातलं. दुसऱ्या भागात इलेक्ट्रिक गिटार, मागे बँड, आणि लोक चिडलेले. शेवटच्या गाण्याआधी गर्दीतून एक जण ओरडतो, ‘ज्यूडस!’, म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य, गद्दार. डिलन म्हणतो, माझा विश्वास नाही बसत, तू खोटारडा आहेस, आणि बँडला सांगतो, जोरात वाजवा. तो भाग दादा आणि मी रिवाइंड करकरून ऐकायचो. त्या ओरडणाऱ्याला किती हसलोय आम्ही. दादा तर जेवताना आमटी पांचट झाली की आईला ‘ज्यूडस’ म्हणायचा. आईला वाटायचं काहीतरी चांगलं म्हणतोय.

काल त्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीत मी होते. त्यालाही जुनं, पाठ झालेलं, होतं तसंच हवं होतं. फरक इतकाच की त्याने निदान तोंड उघडलं. मी तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून शेवटपर्यंत टाळ्या वाजवल्या.

हे सुचल्यावर अंधारात एकटीच हसले. मग झोप लागली असावी.

दादाला कळवावं की नाही हे सकाळपासून चाललं होतं. वाड्याचं झालं त्यानंतर... असो. दुपारी शेवटी लिहिलं, ‘काल डिलन ऐकला. खराखुरा अल्बर्ट हॉल.’ निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर संध्याकाळी. फक्त दोन शब्द: ‘ओरडलीस का?’

आता बसून त्याला सविस्तर लिहितेय. केल्टनरबद्दल, फोनच्या पिशवीबद्दल, शेवटी ‘एव्हरी ग्रेन ऑफ सँड’ म्हणताना माउथ ऑर्गन काढला त्याबद्दल. बेबी ब्लूची शेवटची दोन कडवी कशी म्हटली तेही लिहीन, ती मी नीट ऐकली. पहिल्या दोनांबद्दल विचारलं तर लेकीचा नंबर देते.