करापोटी आलेला राजा

आई लंडनला आली तेव्हा तिला नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत नेलं. (प्रवेश फुकट, हे पहिलं कारण.) तिथे इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचं अडीच मीटर उंच रेखाटन आहे, चित्रकार होल्बाइनने १५३६-३७ च्या सुमारास केलेलं. व्हाइटहॉल राजवाड्याच्या भिंतीवर चित्र रंगवायचं होतं, त्याचा हा कच्चा आराखडा. भिंतीवरचा राजा १६९८ च्या आगीत गेला, कागद उरला. आईने चष्मा सावरला, जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हा तर रांगोळीचा कागद!"

खरंच की. रेषांवर टाचणीची बारीक भोकं. कागद भिंतीला लावायचा, वरून कोळशाची पूड थोपटायची, की ठिपके उमटतात. आमच्या घरी भोकं उदबत्तीने पाडायचे, एवढाच फरक.

मग तिने खालची पाटी वाचायला लावली. सरकारने कराऐवजी स्वीकारून १९५७ साली गॅलरीला दिलं, असा मजकूर. आई म्हणाली, "म्हणजे करात राजा भरला?"

असंच म्हणायचं. १९५० मध्ये डेव्हनशरचे दहावे ड्यूक वारले. इस्टेट त्यांनी मुलाकडे सोपवून ठेवली होती, पण कर टळायला त्यानंतर पाच वर्षं जगणं कायद्याला हवं होतं, आणि त्यात काही आठवडे कमी पडले. मृत्युकर ८० टक्के! तो फेडताना घराण्याने हा हेन्री दिला, मेमलिंग या चित्रकाराचं तीन फळ्यांचं एक चित्र दिलं आणि डर्बीशरमधला हार्डविक हॉल हा सोळाव्या शतकातला अख्खा वाडाच दिला. आपल्याकडे असा कर १९८५ सालीच गेला, त्यामुळे हे सगळं आपल्याला सुरस वाटतं. इथे मात्र वस्तू देऊन कर फेडायची ही सोय १९१० पासूनची आहे, आधी जमिनीपुरती.

आता वारसा कर साधारण ३,२५,००० पौंडांच्या वरच्या रकमेवर ४० टक्के. समजा एक लाख पौंडांचं चित्र आहे. बाजारात विकलं तर ४० हजार कर जाऊन वारसाच्या हाती ६० हजार. तेच सरकारला दिलं तर वाचलेल्या कराचा चौथा हिस्सा, म्हणजे १० हजार, वारसाच्या पदरात पडतो आणि ७० हजारांचा कर फिटतो. या सवलतीला 'दूसर' म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ गोडवा. आपण याला मधाचं बोट म्हटलं असतं. सरकारलाही लाखाची वस्तू सत्तर हजारांत पडते. अर्थात वाटेल ते खपत नाही. वस्तू खरोखर पहिल्या प्रतीची आहे का, किंमत रास्त आहे का, हे तज्ज्ञांची समिती बघते.

पाट्यांची भाषा दानशूरपणाची वाटते, तेवढी मला पटत नाही. हे दान नव्हे, खरेदी आहे. तिजोरीत यायचा पैसा आला नाही, त्याची ही वस्तू. माझ्या पगारातून दरमहा टॅक्स कापताना 'चित्र चालेल का' असं कुणी विचारलेलं नाही.

तरी नको म्हटल्यावर काय होतं, तेही इथल्यांनी पाहिलंय. सत्तरच्या दशकात मेंटमोर टॉवर्स हा वाडा आतल्या चीजवस्तूंसकट सरकारला देऊ केला होता. सरकारने नकार दिला. १९७७ मध्ये लिलावात सगळं पांगलं आणि साठ लाख पौंडांहून जास्त आले. त्यातलं आठ हजारांना गेलेलं एक चित्र नामवंत फ्रेंच चित्रकार फ्रागोनारचं निघालं. पुढच्याच वर्षी नॅशनल गॅलरीने ते विकत घेतलं, अर्थातच कितीतरी पट मोजून.

उलट चित्रकार लुसियन फ्रॉइड गेल्यावर त्याच्याकडची मित्र फ्रँक आउअरबाखची चित्रं अशीच करापोटी आली, सुमारे १.६ कोटी पौंडांच्या बदल्यात. ती एकट्या लंडनने न ठेवता देशभरच्या संग्रहालयांत वाटली. हे मला फार आवडलं.

निघताना आईने पुन्हा त्या भोकांचा फोटो काढायला लावला, मावशीला पाठवायला. आता तिला हार्डविक बघायचाय. तिथे मात्र तिकीट आहे.