खंड्याची नोंद: नवे डोळे

मागच्या नोंदीत खंड्या, म्हणजे माझा छोटा गाडी-रोबो, चक्रव्यूहात सरळ झकास पळत होता आणि वळणावर नाक आपटत होता. दोन आठवडे मी कोडला शिव्या घातल्या. कोड बिचारा बरोबर होता.

घोळ सेन्सरच्या निवडीत होता. एचसी-एसआर०४ हा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा सेन्सर स्वस्त, पल्ला २ सेंमी ते ४ मीटर, म्हणून डोळे झाकून तीन बसवले होते. पण गाडी जरा तिरकी झाली की गुळगुळीत प्लायवरून आवाज कॅरमच्या सोंगटीसारखा भलतीकडेच जातो, परत येतच नाही. समोर वीतभरावर भिंत, आणि वाचन अडीच मीटर!

शिवाय एकाचा प्रतिध्वनी दुसऱ्यानं पकडू नये म्हणून पाळीपाळीनं मोजायचं, आणि दोन मापांत ६० मिलिसेकंद सोडायचे. तिघांचा फेरा १८०. सेकंदाला अर्धा मीटर वेगानं तेवढ्यात गाडी ९ सेंमी पुढे जाते. मायक्रोमाउसच्या, म्हणजे रोबोंच्या चक्रव्यूह-स्पर्धेच्या, पटावरचं एक घर १८ सेंमीचं, म्हणजे अर्धं घर आंधळेपणानं.

आता तिन्ही जागी व्हीएल५३एल०एक्स. लेझर जाऊन यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो, ३३ मिलिसेकंदांत माप, आणि तिघं एकदमच मोजतात. पहिल्या रात्री मात्र कुणाचंच धड वाचन येईना. सेन्सर ज्या सामायिक तारांवरून बोलतात त्या आय-टू-सीवर तिघांचाही पत्ता ०एक्स२९, एका वाड्यात तीन पाटील! एक्सशट पिननं सगळ्यांना झोपवून एकेकाला उठवायचं आणि नवा पत्ता द्यायचा. बॅटरी काढली की विसरतात, त्यामुळे हे दर वेळी सुरुवातीलाच.

राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर दुपारी चालवून बघितला, तर हातभरावरही वाचन उड्या मारायला लागलं. या सेन्सरचा प्रकाश ९४० नॅनोमीटरचा, आणि तो उन्हातही भरपूर असतो. स्पर्धा मांडवात असेल तर ऊन कुठून येतं ते आधी बघा.

जमिनीवरच्या रेषेमागून पळायच्या फेरीसाठी खाली बघणारे टीसीआरटी५००० सेन्सर तेच ठेवलेत. फक्त ते जमिनीपासून ९ मिमी वर होते, आणि त्यांना सगळ्यात स्पष्ट दिसतं अडीच मिमीच्या आसपास. उद्यमनगरात लेथवर नायलॉनचे स्पेसर कातून घेतले. "काय बाळ, घड्याळ करतोयस व्हय?" म्हणत काकांनी चहा पाजला, पैसे घेतले नाहीत.

राहिला जायरो, गाडी किती वळली ते सांगणारा सेन्सर. एमपीयू६०५० चा कोन उभ्या जागी सरकतो, म्हणून सुरुवातीला दोन सेकंद गाडी न हलवता चूक मोजून वजा करतोय. काल नेमकं त्या दोन सेकंदांत मांजरानं धक्का दिला. खंड्या अख्खी फेरी तिरका पळाला.