बदली तासाला वर्ग का उधळतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमीचाच आहे: एरवी नीट वागणारी सातवी-आठवीची मुलं बदली तासाला, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी दुसरं कोणी येतं त्या तासाला, अशी का उधळतात, आणि त्यांना आवरायचं कसं?

मुलांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. या तासाला वहीत जे लिहू ते कोणी तपासणार नाही. माझ्या मते गोंधळाचं मूळ तिथे आहे. बदलीवर आलेल्या बाईंचा आवाज किंवा दरारा कमी पडतो, हे कारण फार पुढचं.

पहिली चूक वर्गाबाहेरच होते. पर्यवेक्षक बदली तास लावतात, शिपाईकाका बदली वही घेऊन सह्यांसाठी फिरतात, आणि कित्येकदा ते पोचतात तेव्हा घंटा होऊन गेलेली असते. तासिका ३५ मिनिटांची. हातातला तपासायचा गठ्ठा बाजूला ठेवून वर्ग गाठेपर्यंत पाच-सहा मिनिटं जातात. तोवर चढलेला आवाज उतरवण्यात आणखी दहा. म्हणून बदली तास परिपाठाच्या आधीच लागायला हवेत आणि घंटेला शिक्षक वर्गाच्या दारात हवा. आपला मोकळा तास गेल्याचं वाईट वाटतं, ते साहजिक आहे. पण ‘तुमचे सर आले नाहीत म्हणून मला यावं लागलं’ हे वाक्य वर्गात कधीही बोलू नये. यांनाही इथे थांबायचं नाही, एवढंच मुलं त्यातून ऐकतात.

दुसरी तयारी विषयशिक्षकाची. निवडणुकीचं काम, प्रशिक्षण, घरचं आजारपण, यातलं काही विचारून येत नाही. जूनमध्येच एक पुठ्ठ्याची फाईल करून शिक्षकखोलीत ठेवावी. वर बैठकीचा नकाशा, बाकानुसार नावं. त्याखाली कोणाला दमा आहे, कोणाला लांबचं दिसत नाही, कोणाला लघवीला वारंवार जावं लागतं. मग एका तासाचं काम, तेही झालेल्या धड्यावरचं. नवा धडा बदली तासाला नको. गणित असेल तर चार सोपी उदाहरणं, दोन अवघड आणि ‘झालं बाई’ म्हणत लवकर उठणाऱ्यांसाठी एक कोडं. भाषा असेल तर एक उतारा वाचून सहा प्रश्न तयार करायचे आणि शेजाऱ्याने त्यांची उत्तरं लिहायची. विज्ञानाच्या शिक्षकालाही हा तास घेता येतो. ‘धडा उतरवून काढा’ हे काम मात्र देऊ नका. ती शिक्षा आहे, हे मुलांना लगेच कळतं.

वर्गात गेल्यावर ओळख, गप्पा, सूचना सगळं नंतर. आधी काम फळ्यावर लिहा आणि एकेक गोष्ट सांगा: वही उघडा, तारीख टाका, समासात तासिका लिहा. मग लगेच बाकांमधून एक फेरी मारा. खुर्चीत बसून ‘शांत बसा’ म्हणण्यापेक्षा या फेरीचा उपयोग कितीतरी जास्त. नावांची अदलाबदल हा जुना खेळ आहे. नाव विचारत बसू नका, नकाशा हातात ठेवा. ‘पाणी प्यायला जाऊ?’ एकाने विचारलं की मागोमाग पाच हात वर येतात. फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकोन काढा. जाणाऱ्याने त्यात आपला हजेरी क्रमांक लिहायचा, परत आल्यावर पुसायचा, चौकोन भरलेला असेल तर थांबायचं. वारंवार जावं लागतं अशी ज्यांची नोंद फाईलमध्ये आहे त्यांना मात्र थांबवायचं नाही. ‘आमचे सर चालवून घेतात’ यावर वाद नको. ‘सरांना मी विचारीन, आज असं करूया’ एवढं पुरतं.

मॉनिटरला फळ्यावर बडबड करणाऱ्यांची नावं लिहायला लावण्याची पद्धत बंद व्हावी, असं मला मनापासून वाटतं. नीट पाहिलंत तर दिसेल: पहिलं नाव लिहिलं जातं, तो मुलगा ‘मी कुठे बोललो?’ म्हणून उठतो, त्याच्या नावापुढे फुली पडते, त्याचे मित्र ओरडतात, त्यांचीही नावं चढतात. मॉनिटरचा जिवलग मात्र यादीत नसतो. दहा मिनिटांत सगळा वर्ग काम सोडून फळ्याकडे बघत बसतो, आणि मॉनिटर झालेल्या मुलाला हिशेब मधल्या सुट्टीत चुकवावा लागतो. सगळ्या वर्गाला उभं करणंही तसंच. काम करणाऱ्याला कळतं की करून उपयोग नाही. अंगठे धरायला लावणं तर सोडाच. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे.

शेवटची पाच-सात मिनिटं उरली तर लेखी भेंड्या घ्या. प्रत्येक रांगेला एक कागद, गावांची नावं, तोंडातून शब्द काढायचा नाही. पुणे, नाशिक, कराड, डहाणू. ‘ण’ आला की ‘न’ धरायचा, हे आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच गावाला भांडण जुंपतं.

वह्या गोळा करून वर तीन ओळींची चिठ्ठी ठेवा: काम कुठवर झालं, कोणी मदत केली, काय अडलं. दुसऱ्या दिवशी मूळ शिक्षकाने त्यावर पाच मिनिटं द्यायचीच. दोन-चार वह्यांतलं चांगलं वाचून दाखवायचं. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याशी एकट्याने बोलायचं, आधी त्याचं ऐकायचं.

हे सगळं मोठ्या शाळेतलं झालं. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने शिक्षक दोनच. एक प्रशिक्षणाला गेला की बदलीला येणार कोण? तिथे पहिली ते चौथी एकाच खोलीत घ्यावी लागते. चौथीतल्या मुलाला पहिलीतलं एक मूल वाचनासाठी जोडून द्या, दुसरी-तिसरीला पाटीवर गणितं द्या आणि दर पंधरा मिनिटांनी कामं बदला. त्याहून जास्त वेळ पहिलीचं मूल एका जागी बसत नाही.