यूसीचं काम मार्चमध्ये सुरू होत नाही

आमच्याकडे नवीन लागलेल्या मुली पहिला प्रश्न विचारतात तो यूसीचा. यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र: आलेलं अनुदान ज्या कामासाठी आलं त्याच कामावर खर्च झालं, असं लिहून द्यायचं. मुलींना फॉर्म कसा भरायचा ते हवं असतं. फॉर्म अर्ध्या तासात भरून होतो. त्यातला आकडा खरा असायला मात्र पूर्ण वर्ष घालावं लागतं, आणि ते वर्ष सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांमध्ये जातं. समुदाय संघटक म्हणून महापालिकेच्या यूसीडी, म्हणजे शहरी समुदाय विकास, विभागात मी हेच काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

योजना होती दीनदयाळ अंत्योदय योजनेतलं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान. १९९७ ची सुवर्णजयंती शहरी रोजगार योजना होती, तिच्या जागी २०१३ मध्ये हे अभियान आलं. पैसा केंद्राचा आणि राज्याचा, महाराष्ट्रात साठ-चाळीसच्या प्रमाणात. कामं महापालिकेने करायची: बचत गट बांधणं, प्रशिक्षण, स्वयंरोजगाराचं कर्ज, फेरीवाल्यांसाठी मदत, बेघरांचा निवारा. गटाचा नियम साधा होता. दहा ते वीस बायका, त्यात किमान सत्तर टक्के गरीब घरातल्या. गट नीट चालला की त्याला एकदाच १०,००० रुपये फिरता निधी. असे दहा-वीस गट एकत्र आले की वस्ती स्तर संघ व्हायचा, त्याला ५०,००० रुपये.

कागदावर एवढंच. आता पूर्व भाग. पद्मशाली समाजाची वस्ती, घरात तेलुगू, बाहेर मराठी, बाजारात दोन्ही. पुरुष यंत्रमागावर, टॉवेल-चादरीच्या कारखान्यात. बायका विड्या वळतात. सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचला जाऊन तयार विड्या द्यायच्या, चेकर छाट, म्हणजे नापास विड्या, काढणार, उरलेल्या मोजणार, मग पुढची पानं आणि तंबाखू घेऊन घरी यायचं. आल्यावर पान भिजवणं, कापणं, आणि दिवेलागणीपर्यंत वळत बसणं. मजुरी हजार विड्यांवर. बैठकीला बसलेली बाईसुद्धा मांडीवर सूप घेऊन येते आणि बोलता बोलता वळते. सुरुवातीला मी दुपारी दोनची बैठक लावायचे, कारण माझी कार्यालयाची वेळ ती. कुणी यायचं नाही असं नव्हतं, पण ज्या यायच्या त्यांच्या डोळ्यांत राहिलेल्या विड्या दिसायच्या. मग शुक्रवारी संध्याकाळी, सूप घेऊनच या, असं ठरलं आणि गट जमला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो, त्या आठवड्यात बैठक धरायची नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतही नाही. शासनाचं वर्ष एप्रिल ते मार्च, बायकांचं वर्ष वेगळं, आणि दोन्ही सांभाळणं हाच आमच्या पदाचा खरा अर्थ आहे असं माझं मत आहे.

फिरता निधी यायची वेळ आली की प्रत्येक गटात एकच वाद होतो. एका गटात बारा जणी होत्या. एक अक्का म्हणाली, "दहा हजार भागिले बारा करा ताई, प्रत्येकीला आठशेच्या वर येतात. शाळा उघडतेय, वह्या तरी होतील." तिचं चुकीचं नव्हतं, घरात खरंच वह्यांना पैसे नव्हते. मी नियम वाचून दाखवला नाही. गटाची वही उघडली आणि विचारलं, गेल्या वर्षी घरात आजारपण आलं तेव्हा कुणी कुठून पैसे काढले? कुणी भिशी उचलली होती, कुणी फायनान्सवाल्याकडून घेतले होते आणि अजून दर आठवड्याला हप्ता भरत होती. एकीने मंगळसूत्र ठेवलं होतं, ती खाली बघून बोलली. मग हिशेब केला. दहा हजार गटातच ठेवले, पाच हजार एकीला महिना दोन टक्क्यांनी दिले, तर पहिल्या महिन्याचं शंभर रुपये व्याज परत आपल्याच पेटीत. वाटून घेतले तर आज रात्रीच संपले. त्या दिवशी ठराव झाला नाही. पुढच्या शुक्रवारी झाला, आणि तो त्याच अक्काने मांडला. पहिलं कर्ज वह्यांसाठीच गेलं, तिलाच.

हे एवढ्यासाठी सांगते की यूसीत "स्वयंसहाय्यता गटांना फिरता निधी" अशी एक ओळ असायची आणि तिच्यापुढे रक्कम. पैसा गटाच्या खात्यात गेला की कागदावर खर्च झाला. पण तपासणीला कुणी आलं आणि गटाला विचारलं की त्या दहा हजारांचं काय केलं, तर उत्तर गटाच्या वहीतून यायला हवं. म्हणून मी सगळ्यात जास्त जोर वहीवर दिला. पंचसूत्री आम्ही सगळेच पाठ म्हणतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. माझा अनुभव असा की पाचवं सूत्र सुटलं की आधीची चार कुणाला पटवून देता येत नाहीत. त्या बारा जणींच्या गटात वही लिहायला सातवी शिकलेली एक सून होती. तिला मराठी लिहिता यायचं, आकडे सुंदर. सासू शेजारी बसून प्रत्येक नोट मोजायची. सून मोठ्याने वाचायची, "शंभर बचत, दोनशे परतफेड, वीस व्याज", आणि जिचे पैसे ती "बरोबर" म्हणाल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही. बैठक संपली की रोकड शिल्लक मोजून तळाला आकडा आणि तिघींच्या सह्या, एकीचा अंगठा. ती वही मी आजही नवीन संघटकांना दाखवायला मागून आणते.

खातं उघडणं हा दुसरा टप्पा. एका दुसऱ्या गटाच्या वेळी बँकेच्या शाखेने सगळ्या बायकांची कागदपत्रं मागितली. पंधरा जणींचं आधार, पॅन, फोटो. निम्म्यांकडे पॅन नव्हतं, आणि दिवसाची मजुरी सोडून बँकेत रांगेत उभं राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या निर्देशांत स्पष्ट आहे की गटाचं बचत खातं उघडताना सगळ्या सभासदांची केवायसी लागत नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते. मी तो परिच्छेद छापून नेला, अधिकाऱ्यांसमोर ठेवला आणि शांतपणे बसले. त्यांनी वरच्या कार्यालयाला फोन केला, आणि खातं झालं. नवीन मुलींना मी सांगते, नियम नुसता पाठ असू देऊ नका, कागद पिशवीत असू द्या. भांडून जे होत नाही ते परिच्छेदावर बोट ठेवून होतं.

मग पीएफएमएस, म्हणजे सरकारी पैशाचा माग ठेवणारी केंद्राची संगणक प्रणाली. २०२१ च्या जुलैपासून केंद्राच्या प्रत्येक योजनेचा पैसा राज्यात त्या योजनेच्या एकाच नोडल खात्यात राहू लागला, आणि आम्हाला मिळू लागली ती खर्चाची मर्यादा. पूर्वी महापालिकेच्या खात्यात अनुदान येऊन पडायचं, त्यातून आम्ही धनादेश काढायचो. आता ज्याला द्यायचे त्याची नोंद संगणकावर करायची, बँकेकडून खात्याची पडताळणी होऊन यायची, एकाने देयक भरायचं, दुसऱ्याने तपासून डिजिटल सही करायची, तेव्हा पैसा थेट गटाच्या खात्यात. मला ही पद्धत आवडली, मनापासून सांगते. पैसा कुठे थांबला आहे ते पडद्यावर दिसतं. पण तिला एक अक्षर इकडचं तिकडे चालत नाही. गटाचं नाव पासबुकावर "श्री मार्कंडेय महिला बचत गट" आणि ठरावात "मार्कंडेय स्वयंसहाय्यता महिला गट" असं असेल तर पडताळणी अडते. नावाच्या या बारीक चुका मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निघाल्या तर वर्ष हातचं जातं, कारण ३१ तारखेनंतर ती मर्यादा आपली राहत नाही. म्हणून मी नियम केला: गटाचं नाव ठरवतानाच सगळ्यांनी ते एका कागदावर लिहायचं, शिक्का त्याच नावाचा, खातं त्याच नावाचं, आणि ठराव पासबुक समोर ठेवूनच लिहायचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच सगळ्या गटांची खाती पडताळून घ्यायची. दिवाळीनंतर पहिलं काम हे.

निवाऱ्याचं काम गटांपेक्षा वेगळं, आणि त्याचा हिशेब मला नेहमी जड गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर शहरी बेघरांचे निवारे हा या अभियानाचा भाग झाला. दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय, निवारा वर्षभर आणि दिवसरात्र उघडा, असा दंडक. सोलापूर मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावर आहे, आणि इथून पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर तिन्ही जवळ. त्यामुळे कुठून कुठून आलेली माणसं इथे उतरतात आणि राहतात. थंडीत आम्ही रात्री स्टेशन, एसटी स्टँड, सिद्धेश्वर मंदिराचा परिसर असं फिरून सर्वेक्षण करायचो. उठवायचं नाही, जागं असेल त्याच्याशी बोलायचं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "सकाळी बाहेर काढणार का?" नाही म्हटल्यावरही ते दोन रात्री आले नाहीत, तिसऱ्या रात्री स्वतःहून आले. त्यांच्या नावापुढे नोंदवहीत मूळ गाव, आजार, कुणाला कळवायचं, हे रकाने होते. "कुणाला कळवायचं" हा रकाना त्यांनी रिकामा ठेवायला सांगितला. अनुदानाच्या हिशेबात त्यांची एक हजेरी, एक अंथरूण, एक पांघरूण. पण त्या नोंदवहीत रोज रात्री सही असेल तरच वर्षाअखेरीस निवारा चालवणाऱ्या संस्थेला देखभालीचे पैसे देता येतात, म्हणून मी त्या सह्यांबाबत कधी सवलत दिली नाही.

मग मार्च. लोक समजतात मार्च म्हणजे धावपळ. ज्या वर्षी वर सांगितलेलं सगळं वेळेत झालं, त्या वर्षी मार्चमध्ये आम्ही फक्त जुळवाजुळव केली. एका बाजूला पीएफएमएसचा अहवाल, दुसऱ्या बाजूला आमचं कॅशबुक, तिसऱ्या बाजूला गटांची पासबुकं. तिन्हीत तोच आकडा यायला हवा. मग सुरुवातीची शिल्लक, वर्षात आलेलं, व्याज, खर्च, उरलेलं. व्याज वेगळं दाखवायचं, कारण अनुदानावर मिळालेलं व्याज शासनाला परत जातं. ते आपलं समजून खर्चात घालता येत नाही. सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये राज्यांसाठी नमुना १२-सी आहे, आमच्या शहराचे आकडे शेवटी राज्याच्या त्या प्रमाणपत्रात जाऊन मिळतात. आधीच्या अनुदानाची यूसी गेल्याशिवाय पुढचा हप्ता मोकळा होत नाही. म्हणजे सोलापुरातल्या एका गटाची वही मागे राहिली, तर त्याचा ताण दुसऱ्या कुठल्या तरी गल्लीतल्या गटावर येतो ज्याला आपण ओळखतही नाही. मला हे कळल्यापासून वहीकडे बघण्याची माझी नजर बदलली.

सह्या घेताना फाईल लेखा विभागातून, लेखापरीक्षणातून, मग वर आयुक्तांकडे अशी जाते. प्रत्येक टेबलावर एक प्रश्न हमखास येतो: भौतिक प्रगती काय? किती गट, किती सभासद, किती जणींना प्रशिक्षण. मी या तक्त्याला नेहमी एक जोडपत्र लावायचे, प्रत्येक गटाचं नाव, प्रभाग, खात्याची पडताळणी झाल्याची तारीख, फिरता निधी जमा झाल्याची तारीख. कुणी मागितलं नव्हतं. पण ते लावल्यापासून फाईल शेऱ्यासह परत येणं जवळजवळ थांबलं, कारण विचारायचं ते त्यात आधीच असायचं. हे जोडपत्र जमेल त्याने जरूर करावं.

३० सप्टेंबर २०२४ ला अभियानाची मुदत संपली. नवीन योजनेचं बोलणं चालू झालं, आमच्या मानधनाचं काय होणार ही काळजीही होती. पण गटांना मुदत नसते. बारा जणींचा तो गट फिरत्या निधीवर थांबला नाही. तीन वर्षांची वही बघून बँकेने कर्ज दिलं. महिला गटाला सात टक्क्यांच्या वरचं व्याज शासन भरत असे, आणि हप्ते वेळेवर गेले तर आणखी तीन टक्के परत मिळत, म्हणून हप्त्याची तारीख सुनेने वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवली. कर्जातून पिको आणि काजा-बटणाची यंत्रं आली. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने भरपूर, जूनच्या आधी त्यांना हात कमी पडतात, ते काम या बायकांनी जॉबवर्कने घेतलं. तिघींनी विड्या सोडल्या, बाकीच्या दोन्ही करतात. आता त्यांचा प्रश्न जीएसटी क्रमांक घ्यायचा की नाही हा आहे, आणि त्यासाठी त्यांनी मला येत्या शुक्रवारी बोलावलं आहे.